कंपवात आणि व्यायाम

रस्त्याने चालत असताना पुढचे पाऊल कोठे टाकावे याचा विचार आपण सहसा करीत नाही. सोबत्याशी बोलत, दुकानांवरील पाट्या वाचीत, हातातील पिशवी सावरीत आपण चाललेले असतो. पाय आपले काम करीत असतात, हात आपोआप पुढेमागे हलत असतात आणि वळणावर शरीराचा तोल न सांगता सांभाळला जातो. सदऱ्याची गुंडी लावणे, खुर्चीतून उठणे, अंथरुणात कूस बदलणे, सही करणे ही कामेही अशीच होत. लहानपणी ती कष्टाने शिकावी लागतात. पुढे ती इतकी अंगवळणी पडतात की, आपण ती करीत आहोत याचेही भान राहत नाही.

कंपवात या रोगात मनुष्याची नेमकी हीच सोय हिरावली जाते. त्याच्या स्नायूंत बळ असते, काय करावयाचे हेही त्याला ठाऊक असते. परंतु आपोआप होणारी हालचाल आपोआप होईनाशी होते. अशा मनुष्याने स्वस्थ बसून राहावे, की अंगमेहनत चालू ठेवावी? घरच्या मंडळींचा कल बहुधा विश्रांतीकडे असतो. रोग्यालाही चारचौघांत हात थरथरलेला दाखवावयाची लाज वाटते व तो घराबाहेर पडणे टाळू लागतो. गेल्या काही दशकांतील संशोधनाने मात्र या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट दिले आहे. ते उत्तर कोणते, त्यामागील कारण काय आणि घरात त्याचा अवलंब कसा करावा, हे या लेखात पाहावयाचे आहे.

रोगाची ओळख

हातापायांना कंप सुटण्याचा विकार आपल्याकडील वैद्यांना परिचित होता व वातव्याधींत त्याची गणना होत असे. पाश्चात्त्य वैद्यकात या रोगाचे पहिले व्यवस्थित वर्णन जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने केले. लंडनच्या हॉक्स्टन भागात ते व्यवसाय करीत. १८१७ साली त्यांनी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यात सहा रोग्यांची हकीकत होती व त्यांतील काहींना तर त्यांनी केवळ रस्त्यात जाता-येता पाहिले होते. विसावलेल्या हाताचा कंप, पुढे वाकलेले धड आणि चालता चालता पावले आखूड होऊन धावू लागण्याची प्रवृत्ती यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही वाचण्यासारखे आहे.

पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील प्रसिद्ध चेतातज्ज्ञ झां मार्तें शार्को यांनी या रोगाला पार्किन्सन यांचे नाव दिले. शार्को यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. या रोगाला तोपर्यंत 'कंपयुक्त पक्षाघात' अशा अर्थाचे नाव होते; परंतु पक्षाघातात स्नायूंची शक्ती जाते, तशी ती या रोग्यांत जात नाही. कित्येकांना तर कंपही नसतो. खरी अडचण आहे ती हालचालीच्या मंदपणाची आणि अंगाच्या ताठरपणाची. व्यायामाचा विचार करताना शार्को यांचे हे निरीक्षण आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा रोग झालेला होता. तो बहुधा उतारवयात होतो. तथापि चाळिशीत अथवा त्याहूनही आधी तो झाल्याची उदाहरणे आहेत.

मेंदूत काय बिघडते?

मेंदूच्या बुंध्याच्या वरच्या भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पट्टा दोन्ही बाजूंना असतो. कंपवातात येथील पेशी नष्ट होतात, हे कॉन्स्टँटिन ट्रेट्याकॉफ यांनी १९१९ साली दाखविले. या पेशी कोणते कार्य करतात हे कळावयास मात्र आणखी चाळीस वर्षे लागली आणि त्या शोधाच्या वाटेवर आपल्या देशातील एका वनस्पतीचाही हातभार लागला.

ती वनस्पती म्हणजे सर्पगंधा. रक्तदाबावर तिचा गुण येतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडले. तिच्यातील रेसरपीन हे द्रव्य १९५२ साली वेगळे काढण्यात आले. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्व्हिद कार्लसन यांनी हे द्रव्य सशांना टोचले, तेव्हा ते ससे जागच्या जागी निश्चल होऊन बसले. नंतर त्यांना लेव्होडोपा नावाचे द्रव्य देताच ते थोड्याच वेळात पुन्हा हालचाल करू लागले. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामीन तयार होते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगामुळे, शरीराच्या हालचालींसाठी डोपामीन आवश्यक आहे, या विचाराला बळकटी आली. या क्षेत्रातील कार्याबद्दल कार्लसन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. कंपवाताने मृत्यू पावलेल्या रोग्यांच्या मेंदूत डोपामीन अतिशय कमी झालेले असते, हे व्हिएन्ना येथील एरिंगर व होर्निकीविच यांनी १९६० साली सिद्ध केले. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपा पोटात देऊन रोग्यांमध्ये लक्षणीय सुधारणा घडवून आणली. आजही या रोगावरील प्रमुख औषध हेच आहे. हेच द्रव्य आपल्याकडील खाजकुयलीच्या बियांतही असते व १९३७ साली मद्रास येथील संशोधकांनी ते त्यांतून वेगळे काढले होते. अर्थात, म्हणून त्या बिया मनाने खाऊ नयेत. त्यांतील द्रव्याचे प्रमाण निश्चित नसते आणि चालू असलेल्या औषधाशी त्यांची गाठ पडल्यास अपाय होऊ शकतो.

डोपामीन कमी झाल्यामुळे हालचालीत कोणता फरक पडतो? मेंदूच्या गाभ्यातील काही केंद्रे अंगवळणी पडलेल्या हालचालींची सुरुवात, त्यांचा क्रम आणि त्यांचे माप ठरविण्याचे काम करतात. डोपामीनच्या अभावी हे माप आखडते. पाऊल आखूड पडते, हाताचा झोका थांबतो, अक्षर बारीक होत जाते, आवाज खाली जातो, चेहऱ्यावरील भाव पुसट होतात. आश्चर्याची गोष्ट अशी की, रोग्याला स्वतःला हे जाणवत नाही. आपण नेहमीसारखेच पाऊल टाकतो, नेहमीसारखेच मोठ्याने बोलतो, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असते.

दुसरी वाट

आता या रोगातील एका विलक्षण गोष्टीकडे वळू. दाराच्या चौकटीपाशी ज्याचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, असा मनुष्य समोर आडव्या रेषा आखल्या की त्या ओलांडीत सहज चालू लागतो. ब्रिटिश चेतातज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ साली आपल्या ग्रंथात या अनुभवाची नोंद केली. नेदरलँड्समधील नाइमेखेन येथील डॉक्टरांनी २०१० साली त्याहून चकित करणारे उदाहरण प्रसिद्ध केले. त्यांच्या एका ५८ वर्षांच्या रोग्याला चार पावले धड चालता येत नव्हती व तो पडत असे. परंतु सायकलवर बसविताच तो उत्तम तोल सांभाळून ती चालवीत गेला व वळवून परत आला. उतरल्यावर मात्र त्याचे पाय पुन्हा खिळले.

याचा अर्थ शास्त्रज्ञ असा लावतात की, हालचाल घडवून आणण्याच्या मेंदूत एकाहून अधिक वाटा आहेत. आपोआप होणाऱ्या हालचालींची वाट कंपवातात खराब होते. परंतु डोळ्यांना दिसणारी खूण, कानांवर पडणारा ठेका अथवा जाणूनबुजून दिलेले लक्ष यांच्या साह्याने चालणारी वाट पुष्कळ अंशी शाबूत राहते. शाळेतील मुलांना दुरेघी वही देतात ती अक्षराला मर्यादा कळावी म्हणून. कंपवाताच्या रोग्यालाही रेघांच्या कागदावर लिहावयास दिले असता त्याचे बारीक झालेले अक्षर मोठे होते. ठेक्याचाही असाच उपयोग होतो. अमेरिकेतील मायकेल थॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तीन आठवडे रोज ठेकेदार संगीताच्या साथीने चालण्याचा सराव करणाऱ्या रोग्यांचा वेग वाढला व पावले लांब झाली.

शक्ती शिल्लक आहे आणि ती वापरण्याची दुसरी वाटही शिल्लक आहे. म्हणूनच कंपवातात व्यायामाला केवळ आरोग्यवर्धनाहून मोठा अर्थ आहे. व्यायाम हे येथे हालचालींचे पुनःशिक्षण असते.

प्रयोगांनी काय दाखविले?

व्यायामाचा उपयोग होतो असे म्हणणे सोपे आहे. तो खरोखर होतो की नाही, हे तुलना करूनच ठरवावे लागते. अशा तीन प्रयोगांची माहिती येथे देतो.

पहिला प्रयोग तोल सांभाळण्यासंबंधीचा आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९५ रोग्यांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला ताई ची हा संथ चिनी व्यायाम, दुसऱ्याला वजने वापरून करावयाचा व्यायाम आणि तिसऱ्याला नुसते अंग ताणण्याचे व्यायाम, असे आठवड्यातून दोनदा २४ आठवडे शिकविण्यात आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ताई चीच्या गटाचा तोल सर्वांत अधिक सुधारलेला आढळला आणि अंग ताणणाऱ्या गटाच्या मानाने हे लोक पडलेही कमी वेळा.

दुसरा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. तोही अमेरिकेतीलच. ज्यांना रोग होऊन फार काळ लोटला नव्हता व ज्यांची औषधे अद्याप सुरू झाली नव्हती, अशा १२८ रोग्यांनी त्यात भाग घेतला. त्यांपैकी काहींनी सरकत्या पट्ट्यावर चांगला दम लागेल अशा गतीने, तर काहींनी मध्यम गतीने, सहा महिने व्यायाम केला. काहींनी नवीन व्यायाम केलाच नाही. या शेवटच्या गटातील लोकांची लक्षणे सहा महिन्यांत वाढली; जोमाने व्यायाम करणाऱ्यांची लक्षणे जवळजवळ होती तेथेच राहिली.

तिसरा प्रयोग नेदरलँड्समधील असून तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. १३० रोग्यांपैकी निम्म्यांनी घरीच, जागच्या जागी चालविण्याच्या सायकलीवर आठवड्यातून तीनदा अर्धा ते पाऊण तास व्यायाम केला. उरलेल्यांनी अंग ताणण्याचे व्यायाम केले. सहा महिन्यांनंतर सायकल चालविणाऱ्यांच्या हालचाली दुसऱ्या गटापेक्षा निश्चितपणे बऱ्या होत्या.

या प्रयोगांचा अर्थ काढताना मर्यादाही ओळखली पाहिजे. व्यायामाने मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होतात किंवा रोग समूळ जातो, असे कोणत्याही प्रयोगाने सिद्ध झालेले नाही. औषधाची जागाही व्यायाम घेऊ शकत नाही. परंतु औषध घेत असताना, व कधी औषध सुरू होण्यापूर्वीही, व्यायाम करणारा मनुष्य न करणाऱ्यापेक्षा अधिक चांगला हिंडूफिरू शकतो, हे आता निश्चित झाले आहे.

कोणता व्यायाम करावा?

व्यायामाचे चार प्रकार आहेत व चारही आवश्यक आहेत. दम वाढविणारा व्यायाम, म्हणजे भरभर चालणे, पोहणे, जागची सायकल चालविणे; स्नायूंचे बळ राखणारा व्यायाम, म्हणजे खुर्चीतून पुन्हा पुन्हा उठणे-बसणे, जिने चढणे, झेपेल असे वजन उचलणे; सांधे मोकळे ठेवणारा व्यायाम, म्हणजे योगासने व अंग ताणणे; आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम, म्हणजे ताई ची, नृत्य अथवा आधाराशेजारी उभे राहून एका पायावर भार घेणे. सर्व मिळून आठवड्याला सुमारे १५० मिनिटे व्यायाम व्हावा, असे तज्ज्ञ सांगतात. एकदम इतके न झेपल्यास दहा-दहा मिनिटांनी आरंभ करावा.

व्यायाम करताना एक सूत्र ध्यानात ठेवावे. हालचाल मोठी करावी. मेंदूतील माप आखडलेले असल्यामुळे, रोग्याला जे पाऊल अवास्तव लांब वाटते तेच पाहणाऱ्याला योग्य दिसते. हात खांद्यापासून मोकळे हलवावेत, टाच आधी टेकवावी, ताठ मानेने चालावे, वर्तमानपत्रातील एखादा उतारा रोज मोठ्याने वाचावा. या तत्त्वावर आधारलेल्या व्यायामपद्धतीची परीक्षा बर्लिन येथे घेण्यात आली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चार आठवडे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मोठ्या हालचालींचा सराव करणाऱ्यांची प्रगती, घरी आपापला व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक झाली.

नृत्याचा उल्लेख वाचून काहींना नवल वाटेल. परंतु नृत्यात ठेका, मोठी हालचाल, तोल आणि सोबत ही चारही एकत्र येतात. न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन येथे मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली कंपवाताच्या रोग्यांसाठी नृत्यवर्ग सुरू केले आणि पुढे अशा वर्गांचा प्रसार अनेक देशांत झाला. पुण्यातही नर्तक हृषिकेश पवार यांनी असे वर्ग चालविले आहेत. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ व मुंबईत २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांसारख्या संस्थांमुळे रोग्यांना एकत्र येण्याची सोय झाली आहे. एकट्याने केलेला व्यायाम लवकर सुटतो. सोबतीने केलेला टिकतो.

घरातील सराव व सावधगिरी

व्यायामाची वेळ औषधाच्या गुणाशी जुळवून घ्यावी. गोळी घेतल्यानंतर अंग मोकळे वाटू लागते, तो काळ सर्वांत चांगला. छातीत दुखणे, पूर्वीचा हृदयविकार अथवा वारंवार पडणे अशी तक्रार असल्यास वैद्यांना विचारल्यावाचून जोराचा व्यायाम सुरू करू नये. या रोगात उभे राहताच रक्तदाब उतरून भोवळ येण्याचा संभव असतो. यास्तव आडवे असल्यास प्रथम उठून बसावे, पाय खाली सोडून क्षणभर थांबावे आणि मगच उभे राहावे.

खुर्चीतून उठताना कडेला सरकावे, पावले गुडघ्यांच्या मागे घ्यावीत, धड पुढे झुकवावे आणि 'एक, दोन, तीन' म्हणून उठावे. वळताना एका पायावर गिरकी घेऊ नये. मोठे वर्तुळ काढीत चार-पाच पावलांत वळावे. चालताना दोन्ही हात मोकळे ठेवावेत. बोलणे व चालणे या दोन्ही गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष पुरत नसल्यास बोलण्यासाठी थांबावे.

पाय खिळले तर घाबरून जोर करू नये. प्रथम थांबावे, श्वास घ्यावा, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर दोन-तीनदा न्यावा आणि समोर आडवी रेषा आहे असे समजून ती ओलांडावी. जेथे पाय नेहमी अडतात, तेथे जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून ठेवाव्यात. सोबतच्या माणसाने अशा वेळी हात धरून ओढू नये, कारण धड पुढे जाते, पाय मागे राहतात आणि मनुष्य तोंडघशी पडतो. त्याऐवजी शांतपणे ठेका मोजावा.

घरातील वाटेवरच्या सतरंज्या, पायपुसणी व विजेच्या तारा दूर कराव्यात. मोरीत व शौचालयात भिंतीला पकडण्यासाठी भक्कम दांडा बसवावा, फरशी कोरडी ठेवावी आणि रात्री वाटेत दिवा असू द्यावा. उंच उंबरठ्याला ठळक रंग द्यावा. चालण्याची भीती कमी झाल्यावाचून चालण्याची हौस टिकत नाही.

घरच्या माणसांचे काम

कंपवाताच्या रोग्याचे सर्वांत अधिक नुकसान कित्येकदा प्रेमापोटी होते. त्याला गुंडी लावावयास पाच मिनिटे लागतात म्हणून मुलगा ती लावून देतो; तांब्या उचलताना हात कापतो म्हणून सून पाणी हातात आणून देते; पडेल म्हणून त्याचे फिरणे बंद होते. काही महिन्यांत स्नायू क्षीण होतात, सांधे आखडतात, तोल आणखी जातो, पडण्याची भीती वाढते आणि मनुष्य आणखी कमी हलतो. रोगाने जे नेले नसते, ते बसून राहण्याने जाते. शार्को यांनी शिल्लक असल्याचे सांगितलेली शक्ती अशा रीतीने न वापरता संपते.

म्हणून वेळ लागला तरी चालेल, परंतु जे काम त्याला सुरक्षितपणे करता येते ते त्याचे त्याला करू द्यावे. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, झाडांना पाणी देणे ही कामेही हालचालच आहेत. त्याचबरोबर प्रत्येक दिवस सारखा नसतो, हेही समजून घ्यावे. सकाळी चालत बाजारात गेलेला मनुष्य दुपारी खोलीच्या दारात अडखळतो, तो आळसाने किंवा ढोंगाने नव्हे. औषधाचा गुण ओसरल्यामुळे तसे होते. अशा वेळी बोल लावू नये व त्या दिवसाचा व्यायाम थोडा पुढे ढकलावा.

या कामी घरातील शाळकरी मुलांचाही चांगला उपयोग होतो. आजोबांबरोबर रोज संध्याकाळी फिरावयास जाणे, त्यांच्या पावलांना टाळ्यांचा ठेका देणे, अंगणात खडूने हातभर अंतरावर रेषा आखून देणे, एवढे दहा वर्षांच्या मुलालाही करता येते. आपण आखलेली रेषा ओलांडून आजोबा पुढे गेलेले त्या मुलाला दिसते, तेव्हा मेंदूच्या कार्याचा एक धडा त्याने प्रत्यक्ष पाहिलेला असतो आणि आजोबांचे त्या दिवसाचे चालणेही झालेले असते.